आंबोलीत नसलेला दगड

जिप्समवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना आंबोलीत बसून लिहिली आहे असे कळले, तर भूविज्ञानाचा जाणकार हसेल. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या या गावात जिप्समचा खडा शोधून सापडायचा नाही. कावळेसादच्या कड्यावर नाही, नांगरतासच्या घळीत नाही, चौकूळच्या सड्यावर तर नाहीच नाही. पृथ्वीच्या पाठीवर सर्वाधिक आढळणारे सल्फेट खनिज म्हणून ज्याची ओळख करून द्यायची, ते इथे औषधालाही मिळत नाही. तरी सुरुवात इथूनच करायची आहे. हे खनिज कुठे सापडते याची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळते. ते कुठे आणि का टिकत नाही हे मात्र आंबोलीच्या पावसात उभे राहिले की लगेच कळते.

आधी थोडा हिशेब करू. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू अडकलेले असतात. लिटरभर पाण्यात ते साधारण २.४ ग्रॅम विरघळते. मिठाच्या मानाने हे काहीच नाही. मीठ लिटरला साडेतीनशे ग्रॅमहून अधिक विरघळते. पण चुनखडीच्या मानाने ते पुष्कळ आहे. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटर जागेवर सात हजार लिटर पाणी. तेवढ्या पाण्याला जिप्समने तृप्त करायचे तर जवळपास १७ किलो जिप्सम लागेल. घनतेने भागले की सात मिलिमीटर जाडीचा थर होतो, तोही एका पावसाळ्यात. अर्थात एवढे पाणी पुरते तृप्त होत नाही. बरेचसे दगडाला धड न शिवताच दरीत उडी घेते. म्हणून याचा फक्त दहावा भाग धरा. तरी हजार वर्षांत पाऊण मीटर जाडीचा थर नाहीसा होईल, आणि भूविज्ञानात हजार वर्षे म्हणजे कालची गोष्ट.

हाच हिशेब बिकानेरला मांडून पाहा. तिथे वर्षाकाठी अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. कमाल मर्यादा धरली तरी फार तर ०.३ मिलिमीटर जिप्सम विरघळेल, आणि त्यातलेही बहुतेक कुठे जाणार नाही. वरून पडलेले पाणी चार दिवसांत उन्हाने पुन्हा वर खेचले जाते आणि विरघळलेला माल जागच्या जागी टाकून जाते. देशात जिप्समचे खाणकाम जवळजवळ सगळे राजस्थानात एकवटले आहे. त्यामागे खडकाइतकाच तिथल्या कोरड्या हवेचाही हात आहे. महाराष्ट्रात खाण काढावी असा जिप्समचा साठा नाही, आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर तो असण्याची आशाही धरू नये.

मग आंबोलीच्या पायाखाली आहे काय? तळाला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर जांभा. काळ्या पाषाणात कॅल्शियम भरपूर असते. त्यातल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत ते अडकलेले असते. लाखो वर्षांच्या पावसाने हा पाषाण कुजवला. कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळायला नाखूश, ते मागे राहिले. त्या उरलेल्या चोथ्याला आपण जांभा म्हणतो आणि त्याचे चिरे काढून घरे बांधतो. अ‍ॅल्युमिनियम जास्त साठले तिथे बॉक्साइट झाले. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात ते खणून काढले जाते. जिप्समला जे लागते ते सगळे ज्यातून काढून घेतले, असा हा दगड. आंबोलीत जिप्सम का नाही याचे उत्तर गावातल्या प्रत्येक गडग्यात रचून ठेवलेले आहे.

धुऊन नेलेले कॅल्शियम जाते दोन वाटांनी. पूर्वेकडची वाट हिरण्यकेशीची. गावाजवळच जांभ्यातल्या गुहेत उगम पावून ती आजरा-गडहिंग्लजकडे जाते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या वाटेवर पाऊस झपाट्याने कमी होत जातो. घाटमाथ्यावरून पन्नास-साठ किलोमीटर पुढे गेले की सात हजारांचा आकडा हजाराच्या आसपास येतो. पाऊस कमी झाला की काळ्या जमिनीत कंकर दिसू लागतो. नांगराला लागणारे ते पांढरट खडे म्हणजे पुढे सरकता न आलेले कॅल्शियम. ते कार्बोनेटच्या रूपात बसते, कारण तिथल्या पाण्यात कार्बोनेट मुबलक आणि गंधक कमी.

पश्चिमेकडची वाट आखूड आणि उभी. ओहोळ घाट उतरून नद्यांना मिळतात, नद्या खाड्यांना आणि खाड्या अरबी समुद्राला. आणि समुद्रात गंधकाला तोटा नाही. किलोभर समुद्रपाण्यात ०.४ ग्रॅम कॅल्शियम असते, पण सल्फेट २.७ ग्रॅम. म्हणजे दोन्ही घटक एकाच भांड्यात हजर आहेत, फक्त पाणी जास्त आहे. ते कमी कसे करायचे हे कोकणातल्या माणसाला शतकानुशतके ठाऊक आहे.

आंबोलीहून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याची मिठागरे आहेत. ही जागा बहुतेकांना मिठाच्या सत्याग्रहामुळे माहीत असते. मे १९३० मध्ये अप्पासाहेब पटवर्धनांसारख्या मंडळींच्या पुढाकाराने इथे कायदेभंग झाला, लोकांनी मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्या इतिहासाला पूर्ण मान देऊन एक रासायनिक तपशील जोडतो: सत्याग्रहींच्या मुठीत थोडे जिप्समही असणार. उघड्यावर पिकवलेल्या, न धुतलेल्या मिठात ते असतेच. सरकारला मतलब होता मिठाशी. बरोबर आलेल्या या पाहुण्यावर कर लावण्याचे कुणाला सुचले नसावे.

मिठागरात काय घडते ते जरा सावकाश पाहू, कारण जिप्सम कसे बनते याचा याहून उघडा प्रयोग दुसरा नाही. भरतीचे पाणी आधी मोठ्या उथळ तळ्यात घेतात. तिथून ते उन्हाने आटत आटत लहान वाफ्यांकडे जाते. पाण्यातले क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम विद्राव्यतेने ठरतो. पाणी निम्म्याच्या आसपास आले की पहिला नंबर कॅल्शियम कार्बोनेटचा. ते इतके थोडे असते की दिसतही नाही. मूळच्या साधारण पाचवा भाग पाणी उरले की जिप्सम बसू लागते. दहावा भाग उरला की मीठ. आणि अगदी शेवटी उरते ते मॅग्नेशियमचे कडवट पाणी. जाणता मिठागरवाला ते वेळेवर सोडून देतो, नाहीतर मीठ कडू होते आणि ओल धरते. उसिग्लिओ नावाच्या रसायनज्ञाने १८४९ साली भूमध्य समुद्राचे पाणी आटवून हा क्रम आकड्यांत मांडला. मिठागरवाल्यांच्या हाताला तो त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता, नाहीतर त्यांनी वाफ्यांची अशी उतरंड कशाला रचली असती?

म्हणजे मीठ पिकण्याच्या आधीच्या टप्प्यात, पाणी पाचव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत आटताना, वाफ्याच्या तळाशी जिप्समचा पापुद्रा धरतो. बारीक सुया, पातळ पत्र्या, कधी चिखलात रुतलेले चपटे स्फटिक. हजार लिटर समुद्रपाण्यातून २७ किलोच्या आसपास मीठ निघू शकते, आणि जिप्सम पावणेदोन किलो. गुजरात आणि तमिळनाडूतल्या विस्तीर्ण मिठागरांत हा जोडमाल गोळा करून विकतातही. शिरोड्यासारख्या लहान आगरात त्यासाठी कोण थांबणार? मृग लागतो, वाफे गोड्या पाण्याने भरतात, आणि उन्हाळाभर जमलेले जिप्सम विरघळून आले तिकडे परत जाते. कोकणातले जिप्सम हे असे हंगामी पीक आहे, आणि त्याची कापणी कुणी करत नाही.

मिठागराचा हा धडा भूगोलभर लावता येतो. साठ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरची वाट आखडली आणि भूमध्य समुद्राला अटलांटिकचे पाणी पुरेसे मिळेना. पुढची सहा-सात लाख वर्षे तो वेळोवेळी आटत राहिला. सिसिलीत आणि स्पेनमध्ये आज दिसणारे जिप्समचे प्रचंड थर तेव्हाचे. पण इथे एक अडचण आहे, आणि ती वाचकाने स्वतः सोडवून पाहावी अशी माझी इच्छा आहे. हजार मीटर खोल समुद्र संपूर्ण आटवला तर तळाशी किती जाडीचे जिप्सम जमेल? वरच्या आकड्यांनी गणित केले तर उत्तर येते जेमतेम पाऊण मीटर. आणि प्रत्यक्षात थर सापडतात शंभर मीटरहून जाड. याचा अर्थ समुद्र एका दमात आटला नाही. पाणी येत राहिले आणि आटत राहिले. मिठागरवाला दर भरतीला फळी उघडतो, तसे. अरुंद तोंडाचा उथळ समुद्र, वर कडक ऊन, आणि आत येणाऱ्या पाण्यापेक्षा वाफ होऊन जाणारे पाणी जास्त: जाड थरांची ही कृती आहे. राजस्थानातही यातले काही घडले, काही वेगळे घडले. बिकानेरजवळ जामसरला जमिनीलगत मिळणारे जिप्सम वाळवंटातल्या खळग्यांत, टेकड्यांमधल्या आटणाऱ्या पाण्यातून बसलेले आहे. समुद्र पाहिजेच असे नाही. वाट न मिळणारे खारे पाणी आणि ऊन पुरते.

पाणी आटणे ही जिप्समची मुख्य वाट, एकमेव नव्हे. खाडीच्या कांदळवनातला काळा चिखल उकरला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तिथे हवा पोचत नाही. सूक्ष्मजीव समुद्रपाण्यातल्या सल्फेटचे सल्फाइड करतात आणि लोखंडाशी मिळून त्याचे पायराइट होते. हा चिखल बांध घालून कोरडा केला आणि हवा आत शिरली, की पायराइटचे उलट रूपांतर सुरू होते आणि गंधकाम्ल तयार होते. चिखलात शिंपल्यांचे चुन्याचे तुकडे असले तर आम्ल त्यांच्यावर तुटून पडते आणि जिप्सम जन्माला येते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीकडच्या प्राचीन सागरी मातीत जिप्सम शिरांच्या रूपाने सापडते. तिथे थर नाहीत, भेगा भरल्या आहेत.

तिसरी वाट उष्ण पाण्याची, आणि तिचा नमुना सगळ्या जगाने छायाचित्रांत पाहिला आहे. मेक्सिकोतल्या नायका इथल्या खाणीत २००० साली कामगारांना जमिनीखाली सुमारे तीनशे मीटर खोल एक गुहा लागली. आत अकरा-अकरा मीटर लांबीचे जिप्समचे स्फटिक आडवेतिडवे पसरलेले होते. कॅल्शियम सल्फेटचे एक कोरडे भावंड आहे, अ‍ॅनहायड्राइट. त्यात पाण्याचे रेणू नसतात. साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या वर अ‍ॅनहायड्राइट स्थिर, त्याखाली जिप्सम. नायकाच्या गुहेतले पाणी खालच्या मॅग्माच्या उबेने लाखो वर्षे या सीमेच्या अगदी किंचित खाली राहिले. त्यामुळे अ‍ॅनहायड्राइट हळूच विरघळत राहिले आणि जिप्सम त्याहून हळूच वाढत राहिले. घाई नसेल तर स्फटिक थोडे पण मोठे होतात. शिरोड्याच्या वाफ्यात एका उन्हाळ्याची मुदत, म्हणून तिथे सुया. मंगळावरही २०११ साली अपॉर्च्युनिटी या गाडीला जिप्समची एक पांढरी शीर दिसली, आणि तिथे कधीकाळी खडकाच्या भेगांतून पाणी वाहिले होते याचा तो भक्कम पुरावा ठरला. बाकीच्या सल्फेटांची, म्हणजे बेराइट, सेलेस्टाइट वगैरेंची, या पुस्तिकेत नुसती नावे येतील. आंध्रातल्या मंगमपेटाच्या बेराइटवर कुणीतरी वेगळे लिहायला हवे.

आता स्फटिकातल्या पाण्याकडे येतो, कारण माणसाचा आणि जिप्समचा सगळा व्यवहार त्यावर चालतो. जिप्समच्या वजनात २१ टक्के पाणी असते. खडा १२० ते १५० अंशांपर्यंत तापवला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीखालचे जिप्सम भाजून ही भुकटी पुष्कळ बनवत, म्हणून ती प्लास्टर ऑफ पॅरिस. तिच्यात पाणी घातले की गेलेले पाणी स्फटिकात परत शिरते, असंख्य सुया एकमेकींत गुंततात आणि घट्ट दगड होतो. मोडलेल्या हाताचे प्लास्टर, छतावरची नक्षी, शाळेतला खडू हे सारे याच परतीच्या प्रवासाचे प्रकार.

आणि गणपती. सिंधुदुर्गात घरोघरी मातीची मूर्ती पुजण्याची रीत अजून बरीच टिकून आहे. गावागावांत गणेशशाळा चालतात आणि मूर्तिकाराकडे पाट नेऊन देण्याची पद्धत आहे. तरी प्लास्टरची मूर्ती इथेही पोचली आहे. तिच्यावर वाद पुष्कळ झाला, नियम झाले, न्यायालयात लढाया झाल्या. त्या वादात मला शिरायचे नाही, पण दोन्ही बाजूंनी जे रसायनशास्त्र सांगितले जाते ते नीट तपासायला हवे. प्लास्टर विरघळतच नाही हे खोटे आहे. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्समच, आणि जिप्सम विरघळते. पण किती पाण्यात? पाच किलोच्या मूर्तीला किमान दोन हजार लिटर पाणी पाहिजे, तेही हलते आणि ताजे. बादलीत ती वर्षभर ठेवली तरी बादलीतले पाणी तृप्त होऊन थांबेल आणि मूर्ती तशीच राहील. विहिरीत आणि तळ्यात फरक एवढाच की थांबायला जास्त वेळ लागतो, आणि तोवर पाणी जड झालेले असते. वरचा रंग हा आणखी वेगळा प्रश्न. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा तोडगा काढला. त्या द्रावणात प्लास्टरचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि वर अमोनियम सल्फेट उरते, जे खत म्हणून चालते. माझे मत विचाराल तर ज्या कोकणात चिकणमाती मुबलक आहे तिथे हजार किलोमीटरवरून आणलेले खनिज भाजून त्याची मूर्ती करावी आणि मग ती नाहीशी करायला तिसरेच रसायन विकत घ्यावे, हा उलटा व्यवहार आहे.

बाकी उपयोगांवर प्रकरणे आहेतच, इथे नुसता उल्लेख करतो. सिमेंटच्या प्रत्येक पोत्यात तीन ते पाच टक्के जिप्सम असते. ते नसेल तर गवंड्याच्या घमेल्यातच सिमेंट आवळून बसेल. म्हणजे आंबोलीच्या निसर्गात नसलेले जिप्सम इथल्या हॉटेलांच्या स्लॅबमध्ये मात्र आहे. भुईमुगाला आऱ्या सुटताना जिप्सम टाकतात, शेंग भरायला कॅल्शियम आणि गंधक दोन्ही मिळतात म्हणून. वैद्यांच्या कपाटातली गोदंती हेच खनिज.

शेतीतला सगळ्यात महत्त्वाचा उपयोग मात्र विदर्भात आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या काळ्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. पाऊस पडला की माती फुगते, तिची छिद्रे बुजतात, पाणी आत मुरत नाही आणि उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते. अशा जमिनीत जिप्सम मिसळले की त्यातले कॅल्शियम सोडियमला कणांवरून ढकलून देते, आणि सुटलेले सोडियम सल्फेट होऊन निचऱ्याबरोबर खाली जाते. निचरा नसेल तर मात्र सगळा खर्च वाया, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. इथे जिप्समची मधली विद्राव्यता कामी येते. चुनखडी टाकली तर ती विरघळतच नाही. याहून जलद विरघळणारे काही टाकले तर पहिल्या पावसात निघून जाते. लिटरला २.४ ग्रॅम हा आकडा आंबोलीत जिप्समचा काळ ठरतो आणि पूर्णेच्या काठी तोच शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो.

ज्यांना जिप्सम जन्मताना पाहायचे आहे त्यांनी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात शिरोड्याला जावे. मिठागरवाल्याला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये, आणि वाफ्यात चपला घालून उतरू नये. मीठ काढायच्या वाफ्याकडे न बघता त्याच्या आधीच्या, आटत आलेल्या पण मीठ न धरलेल्या पाण्याचा तळ चाचपावा. हाताला कचकच लागली तर ती बाहेर काढून गोड्या पाण्याने एकदा झटकन धुवावी. मग तीन कसोट्या. नख ओढा: जिप्सम असेल तर चरा उठेल. लिंबाचा रस टाका: फेस आला तर तो शिंपल्याचा चुना, नाही आला तर आशा ठेवा. तिसरी कसोटी घरी करायची. स्फटिक कोरड्या परीक्षानळीत टाकून मंद आचेवर धरा. पारदर्शक कण दुधाळ होईल आणि नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतील. मीठ असते तर नुसते तडतडले असते. हा प्रयोग करताना डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि नळीचे तोंड शेजाऱ्याकडे करू नका. पहिल्या प्रकरणातले बाकीचे प्रयोग त्यापुढे दिले आहेत.